चघळलेलं वादळ

"अहो, तुमची पिशवी माझ्या पायावर आहे. पाय तेवढा धड आहे आमच्याकडे, तो तरी राहू द्या."

शेजारच्या बाई पुटपुटल्या. मी पिशवी उचलली. कापडदुकानाच्या वरचा हॉल माणसांनी फुटायच्या बेताला आला होता. प्रत्येक घरातला एक जण असा, की त्याचा दंड दुसऱ्या कुणीतरी घट्ट धरलेला. आमच्यात ती माझी पुतणी, वय एकोणीस. धरणारी तिची आई, माझी धाकटी जाऊ.

समोर फिट घालवणारे पट्टीबाबा. अंगात पांढरा कोट, हातात कपाळाला बांधायची तारांची पट्टी, मागे भिंतीएवढा पडदा.

"मेंदूतलं वादळ डॉक्टरांना दिसत नाही. दिसलं तर कळत नाही, कळलं तर वळत नाही! माझी पट्टी ते आपोआप ओळखते, आणि माझा हात ते शमवतो."

एका शिंप्याला पट्टी बांधली. तोंडात 'शुद्धीची वडी' दिली. "चावा. बत्तीस वेळा, मनापासून." पडद्यावरच्या रेघा उसळल्या, पडदा लाल झाला, भोंगा वाजला. हॉल हबकला. बाबांनी शिंप्याच्या डोक्यावर हात ठेवला. "गिळा. डोळे मिटा. जबडा सैल." रेघा निवल्या. पडदा हिरवा. शिंप्याची बायको ढसाढसा रडली.

पुतणीचा पडदा अकरा दिवसांपूर्वी असाच हिरवा झाला, आणि जावेने त्याच दिवशी तिच्या गोळ्या बंद केल्या. त्यानंतर तीन फिट आल्या. परवाची तर थांबता थांबेना. पुढची कदाचित थांबणारच नाही, असं मी दोनदा बोलले, आणि दोन्ही वेळा जावेने अबोला धरला. "उरलंसुरलं वादळ आहे," ती म्हणे. "आज बाबा शेवटचा हात ठेवणार आहेत."

बावीस वर्षं मी इस्पितळात लोकांच्या डोक्याला तारा चिकटवते. कुणी शिकवलं नाही, बघून शिकले. आमचा संगणकही मेंदूच्या लहरींवरून फिट आपोआप ओळखतो. हुशार आहे, पण पेशंटने बिस्कीट खाल्लं तरी बोंब मारतो. पहिल्याच वर्षी त्याच्या भोंग्यावर विसंबून मी डॉक्टरांना दोन जिने पळवत आणलं होतं. पेशंट टोस्ट खात होता. तेव्हापासून भोंगा वाजला की आम्ही आधी पेशंटचं तोंड बघतो.

मी पुढे झाले. "मला बांधा."

"त्रास काय, ताई?"

"तो तुम्हीच शोधा."

वडी चावली. लाल. "बघा! किती जुनं वादळ!"

"मला जन्मात फिट आलेली नाही," असं म्हणत मी जबडा सैल सोडला. हिरवा. चावलं, लाल. थांबले, हिरवा. "बाबा, आणि तुमचा हात कुठे होता? खिशात."

हॉलमध्ये कुणीतरी फिस्कन हसलं.

"सगळ्यांनी कानशिलावर बोटं ठेवा आणि दात आवळा. हललं ना काही? तो जबड्याचा स्नायू. त्याची वीज पट्टीत शिरते, आणि यंत्राला ती फिट वाटते. चावणं थांबलं की वादळ थांबलं. पडदा लाल कशाने झाला, हिरवा कशाने झाला, एवढं तरी विचारा. आणि गोळ्या बंद करू नका."

क्षणभर शे-दीडशे हात कानशिलांवर होते. मग शिंप्याची बायको म्हणाली, "तुमचं खरंही असेल हो. पण बरं झाल्याचं हिरवं तुमच्याकडे आहे का?"

हात खाली आले. रांग पुढे सरकली.

जाऊ मात्र पुतणीला घेऊन बाहेर पडली. जिन्यात माझ्यावर उलटली.

"झालं समाधान? तीन औषधं बदलली तुमच्या डॉक्टरांनी. ही बरी होईल, असं एकदा तरी कुणी छातीठोक सांगितलं?"

बहुतेकांच्या फिट गोळ्यांनी थांबतात. हिच्या थांबल्या नव्हत्या; आठवड्याला चार होत्या, त्या महिन्याला एकवर आल्या, एवढंच. डॉक्टर म्हणत "बघू". मी म्हणे "होईल हळूहळू". आमच्या त्या 'हळूहळू'च्या आडोशालाच बाबाने दुकान थाटलं होतं.

पुतणी पायरीवर बसली. आवाज अगदी साधा होता, भाजी काय आणायची विचारावं तसा.

"आई, मी बरी होणार नाहीये. गोळी मरू नये म्हणून घ्यायची असते."