रुमालाखालचा हात

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मडिवाळप्पांनी उभा जन्म रुमालाखाली भाव केले. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हातात हात घालायचे, बोटं दाबून आकडे सांगायचे; बघ्यांना काही कळायचं नाही. हात काढून घेतला की सौदा मोडला, अख्खा पंजा घट्ट धरला की ठरला. धरल्यावर फिरणाऱ्याला मोंढ्यात कुणी उभं करत नसे.

त्यांची लेक मंजुश्री जिनिव्हाच्या एका संस्थेत होती. दोन दांडग्या देशांना समोरासमोर बसवायचं, एकमेकांचे अणुबॉम्ब मोजू द्यायला आणि कमी करायला राजी करायचं, हे तिचं काम. जग जाळून वर उरतील एवढे बॉम्ब दोघांकडं, आणि घोडं अडलेलं कुठं, तर आधी दार कुणी उघडायचं यावर.

मागे दोघांच्या नव्या कराराची बोलणी चालू असताना तिची अव्वा, म्हणजे आई महादेवी, गेली. मंजुश्री निघाली होती, पण अप्पांनीच फोनवर अडवलं. "उठू नको माय. बसल्या बोलीतनं उठलं की सौदा मोडतोय. अव्वाला मी सांगतो." लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे महादेवीला बसवून माती दिली, ती लेकीविना. मंजुश्रीने ते फोनवर पाहिलं.

यंदा बोलणी फिसकटली ती कायमचीच. जुन्या कराराची मुदत संपली, नवा झाला नाही, आणि दोघंही आणखी बॉम्ब करायच्या मागे लागले. तशात अप्पांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा बसली. मंजुश्री धावत आली. बोलणी मोडल्याचं तिने घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुमचीच वाट बघून राहिलेत," वहिनी नीलम्मा दारातच म्हणाली. "करार झाला का, एवढंच त्यांच्या जिवाला लागलंय."

अप्पांनी डाव्या हातानं उशाजवळचा रुमाल ओढला, लेकीचा हात धरला आणि दोन्ही हात झाकले. विचारल्यागत एक बोट दाबलं आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

हात काढून घेणं, एवढंच खरं उत्तर होतं. तिला ते जमेना. मग अव्वाला लेकीविना मातीत बसवलं ते कशापायी? तिने अप्पांचा पंजा घट्ट धरला.

अप्पांचा अर्धा चेहरा हसला. भिंतीवरच्या महादेवीच्या फोटोकडं त्यांनी मान वळवली आणि जड जिभेनं कसाबसा एक शब्द काढला.

"झालं."

बायकोला सांगत होते ते. मंजुश्रीला हुंदका आवरेना. नीलम्माला वाटलं, नणंद आनंदानं रडतेय. तिनेही आपले डोळे पुसले आणि गल्लीत वाटायला साखर आणायला आत गेली.