अंगणापुरतं मशीन

“हे अंगण नाही काका, रान झालंय,” सचिन म्हणाला आणि त्याने मोबाईलमध्ये गवताचा फोटो काढला.

तो कंपनीचा मेकॅनिक. राहुरीहून मोटारसायकलवर आला होता. गवत कापायचं मशीन ओट्यावर आडवं पडलं होतं. सचिनने स्टार्टरची दोरी ओढून पाहिली. ती जागची हलली नाही.

“इंजिन जाम झालंय. पण वॉरंटी फक्त घरगुती वापराला असते.”

“घरचंच हाय की ह्ये!” बन्सी म्हणाला. “ह्या दारापास्नं त्या उसापत्तुर. दुसरीकडं न्हेलंच न्हाई मी.”

बन्सी गावातल्या दूध संकलन केंद्रावर कामाला होता. सकाळ-संध्याकाळ कॅन उचलायचे, दुधाची फॅट बघायची, यातच त्याचे केस पिकले. अर्धांगवायूने बायकोचं, गीताबाईचं, डावं अंग गेलं होतं. तो कामावर गेला की ती अंगणात खुर्चीवर एकटी बसे. कॅनॉलच्या पाझराने तिथे बारमाही गवत माजायचं. गवतापलीकडे दुसऱ्याचा ऊस होता आणि यंदा त्या उसात बिबट्या होता. शेजारच्या सूर्यभानची शेळी त्याने भर दुपारी उचलली, तेव्हा वनखात्याचा माणूस बजावून गेला होता, “गवत वाढू देऊ नका. आडोसा मिळाला की तो पार दारापर्यंत येतो.” म्हणून बन्सीने मशीन घेतलं होतं.

त्याने हे सगळं सांगितलं. सचिनची नजर उसाकडे गेली. वारा पडलेला होता, तरी आत कुठेतरी पाचट वाजलं. त्याने घाईघाईने हेल्मेट चढवलं.

“मी साहेबांना सांगतो काका. पण ते फोटो बघूनच ठरवतात.”

आठवडाभराने कंपनीतून एका बाईचा फोन आला. मशीन शेतीकामाला वापरल्याचं दिसतंय, त्यामुळे वॉरंटी लागू नाही.

“ताई, मानूस बसतंय हो तिथं. माझी बायको बसती. तिला पळता येत न्हाई.”

“मी समजू शकते सर. आणखी काही मदत हवी आहे का?”

बन्सीने विळा काढला. रोज दुपारी तो बसून गवत कापायचा, पण उसाकडे पाठ करत नसे. पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत अलीकडचं पुन्हा घोट्याच्या वर आलेलं असे. तो नसला की गीताबाई उजव्या हाताने चमच्याने ताट बडवत बसायची. आवाजाने जनावर लांब राहतं, असं कुणीतरी सांगितलं होतं.

एका सकाळी तो केंद्रावरून परतला, तर ताट जमिनीवर पडलेलं आणि ती गवताकडे टक लावून बसलेली.

“काय दिसलं का?”

“दिसलं कायबी न्हाई,” ती हळू म्हणाली. “साळुंक्या वरडत हुत्या, त्या एकदम गप झाल्या. मला वाजवायचं हुतं, पन हातच उचलंना. कोन तरी माझ्याकडं बघत हुतं.”

बन्सी विळा घेऊन गवतात शिरला. खुर्चीपासून हाकेच्याही नाही, नुसत्या कुजबुजीच्या अंतरावर गवत आडवं दबलेलं होतं, अंगभर लांब. त्याने तिथे तळवा टेकवला. माती उबदार होती.

तो परत आला. विळा दाराशी टेकवला.

“मला आत न्या,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी कामावर निघताना त्याने दाराला बाहेरून कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि सायकल काढली. थोड्या वेळाने खुरपणीहून परतणारी गावातली चांगुणा नेहमीसारखी पाणी प्यायला तिथे थांबली. अंगणात कुणी नव्हतं.

“गीता, हायेस का गं?”

“हाय,” बंद दाराआडून आवाज आला. “पानी उद्या पी. तू थांबू नगं तिथं, घरी जा.”