तीन नळ्यांची बंदूक

व्हर्ना टोलफसन डावखुरी होती. बहिणीच्या नवऱ्याच्या, क्लाइडच्या उजव्या हाताच्या रायफलीने तिने एकदाच बार काढला, तेव्हा रिकामं काडतूस तिच्या नाकासमोरून उडालं. त्याच आठवड्यात तिने स्वतःची बंदूक घेतली. काडतूस भरायला मधोमध मोडणारी, दस्ता एक आणि नळ्या तीन. हरणासाठी एक, पाखरांसाठी छर्ऱ्यांची एक आणि डबे उडवायला एक बारीक. खिळा काढला, नळी बदलली, की झालं. खांद्याला टेकणारा दस्ता तोच, बोटाखालचा घोडा तोच. दिवसभर शाळेची बस चालवणाऱ्या व्हर्नाला हे फार आवडायचं.

क्लाइडच्या कपाटात मात्र चौदा बंदुका होत्या आणि तो त्यांची नावं लेकरांसारखी सांगायचा.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी व्हर्ना, तिची बहीण आणि क्लाइड शिकारीसाठी डोंगरातल्या केबिनवर पोचली. व्हर्नाने पेटी उघडली आणि कपाळावर हात मारला. हरणाची नळी पुसून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली होती. ती तिथेच राहिली होती, तीन तासांच्या वाटेवर.

क्लाइड हसून हसून खाली बसला. "म्हणजे बंदूक आणलीस, पण अर्धीच!"

"हसून घे," व्हर्ना म्हणाली.

"माझ्यातली एक घे ना. पाच आणल्यात."

"पाच? मोसम हरणांचा आहे की बंदुकांच्या प्रदर्शनाचा?" आर्डिसने, म्हणजे व्हर्नाच्या बहिणीने, चुलीपाशून विचारलं.

व्हर्नाने एक रायफल खांद्याला लावून पाहिली. उलट्या बाजूची खिट्टी ओढताना तिचा हात दोनदा अडखळला. "नको रे. असल्या हाताने एखाद्या जनावराला जखमी करून सोडायचं, त्यापेक्षा मी पाखरं बघते."

सकाळी क्लाइड नवी कोरी रायफल घेऊन ओढ्यापलीकडच्या मचाणावर चढला. व्हर्ना नारिंगी जाकीट चढवून, छर्ऱ्यांची नळी लावून अलीकडच्या झाडीतून निघाली. बर्फ पातळ होतं, पायाखाली कुरकुरत होतं. पहिला ग्राउस, कोंबडीएवढं ते रानपाखरू, असा फडफडत उठला की तिच्याच छातीत धडकी भरली, पण बंदूक आपोआप खांद्याला गेली. दोन पाखरं मिळाली.

तिसऱ्याच्या मागावर ती वळली आणि समोर चाळीस पावलांवर हरणाचा नर उभा. शिंगं अशी, की मोजायला दोन्ही हातांची बोटं लागावीत. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"नशीबवान आहेस बाबा," व्हर्ना हळूच म्हणाली.

नराने कान हलवले आणि ओढा ओलांडून थेट क्लाइडच्या बाजूला उडी घेतली. थोड्या वेळाने एक बार ऐकू आला. मग दुसरा. मग बराच वेळ काहीच नाही.

दुपारी क्लाइड पाय ओढत आला. "दोन्ही वरून गेले. चांगलं शोधलं, रक्ताचा थेंबही नाही."

"रायफलीवरच्या नव्या दुर्बिणीचा नेम जुळवला होतास ना?" व्हर्नाने विचारलं.

"जुळवली ती आधीची रायफल होती," तो पुटपुटला. "ही जुळवायची राहिली. चौदांमध्ये कोण लक्षात ठेवतो?"

आर्डिस तोंड फिरवून पाखरं सोलायला लागली. व्हर्नाला हसू आवरेना, पण त्याचा चेहरा इतका उतरला होता की तिने टोमणा गिळला. बारीक नळी चढवली, मागच्या मातीच्या बांधावर बीनचे सहा रिकामे डबे मांडले आणि बंदूक त्याच्या हातात दिली.

"घे. डोकं हलकं होईल."

"खेळणं आहे हे," क्लाइड म्हणाला आणि पहिलाच डबा त्याने उडवला. मग दुसरा. तिसरा हुकला तसं "थांब, थांब" म्हणत त्याने पुन्हा काडतूस भरलं. सहाही डबे पाडून तो स्वतःच पळत जाऊन ते परत मांडून आला.

"माझी पाळी," व्हर्ना म्हणाली.

"अजून एकच फेरी, बाई! आत्ता कुठे हात बसतोय." त्याने बंदूक मोडून सांध्याकडे निरखून पाहिलं. "हिला अजून कुठली नळी बसते गं?"

आतून लोण्यात परतणाऱ्या ग्राउसचा वास येत होता. आर्डिसने दोनदा हाक मारली. व्हर्ना ओंडक्यावर बसून कॉफी प्यायली, आणि क्लाइड चौथ्यांदा डबे मांडायला गेला.