न पिकणारा वाण

१९९६ साली घोडबंदर रोडवरच्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत महिपत आणि कांता टोमॅटोवर काम करत. टोमॅटोतून एक वायू सुटतो, तोच त्याला पिकवतो. हा वायू ओळखणारं जनुक कांताला वेगळं काढायचं होतं. एका वाणाची फळं कधीच लाल होत नसत. त्याच्या याच जनुकात खोट असणार, असा अंदाज होता.

रोपं पुरवायचं काम महिपतचं. जनुक काढायला पानं कोवळी लागत, त्यामुळे फळं धरेपर्यंत कोणी रोपं ठेवतच नसे. कांताने आठ महिने खपून ते जनुक काढलं, अक्षर न् अक्षर वाचलं. खोट नव्हतीच. त्याच सुमारास दुसऱ्या एका प्रयोगशाळेने त्याच वाणात ती सापडल्याचं छापलं.

"नमुने मिसळलेत तुम्ही," साहेब मीटिंगमध्ये म्हणाले. "तुमचा हात स्वच्छ नाही."

कांताने मान खाली घातली नाही. ती साहेबांकडे बघत राहिली. महिनाअखेर तिचं कंत्राट संपलं, ते वाढवलं नाही.

दोन महिन्यांनी महिपतला काचघराच्या कोपऱ्यात त्याच वाणाच्या विसरलेल्या कुंड्या दिसल्या. टोमॅटो लालभडक. त्याला आठवलं, बियांच्या दोन डब्यांवरच्या चिठ्ठ्या भिजून सुटल्या होत्या आणि त्याने त्या अंदाजाने चिकटवल्या होत्या. कोणी यायच्या आत त्याने फळं तोडली आणि घरी जाताना खोपट नाक्यावरच्या कचराकुंडीत टाकली.

पुढे किती दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. शेवटी एका रविवारी तो कल्याणला कांताच्या घरी गेला. ती शिकवणीच्या वह्या तपासत होती. त्याने सगळं सांगितलं, टोमॅटो टाकल्याचंसुद्धा.

"चूक माझी होती. माफ कर."

"माफी इथे मागताय," कांता म्हणाली. "साहेब मला बोलले ते सगळ्यांसमोर, महिपतसर."

सोमवारी मीटिंगमध्ये तो उभा राहिला आणि बोलला. साहेब म्हणाले, "होतं असं कधीकधी. बसा." त्याला एवढंच ऐकावं लागलं.

कांताला परत बोलावणारं पत्र गेलं. ती आली नाही. महिपतने तिच्या प्रयोगशाळेतल्या वहीतली पद्धत धरून खऱ्या वाणाचं जनुक काढलं. खोट सापडली, एकाच अक्षराची. लेखात कांताचं नाव पहिलं यावं म्हणून तो साहेबांशी भांडला. ते दुसरं आलं. छापील प्रत त्याने कल्याणच्या पत्त्यावर पाठवली. पोच आली नाही.