शिवप्रियाची दाढ

शिवगंगेला लेकीची दाढ वाचवायची होती आणि ती वाचलीही होती. एवढ्यावर गप्प बसावं, तर नाही. माणसाला सासूकडून शाबासकी हवी असते.

माहेरी धाराशिवला गेली असताना तिनं पहिलीतल्या शिवप्रियाला दातांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. मागच्या बाजूला नुकत्याच उगवलेल्या दाढेच्या खाचेत कीड शिरू लागली होती. बाईंनी ना सुई टोचली, ना मशीन फिरवलं. कापसानं दाढ कोरडी केली, बारक्या ब्रशानं औषधाचा थेंब फासला, की झालं. पोरगी खुर्चीवरून हसत उतरली. बाईंनी एवढंच बजावलं की किडलेली जागा आता काळीकुट्ट होईल आणि तशीच राहील. काळं पडलं म्हणजे कीड थांबली असं समजायचं. आणि हेही सांगितलं की ही दाढ दुधाची नव्हे, कायमची आहे. जन्मभर हिच्यावरच चावायचं.

तामलवाडीला परतल्यावर शिवगंगेनं हे सगळं सासूला, शिवम्माला, हौसेनं सांगितलं. तिथंच चुकलं. पहिलीतल्या पोरीची दाढ आणि म्हणे कायमची! शिवम्मानं ते हसण्यावारी नेलं. लहान पोराचा दात म्हणजे पडायचा दात, एवढंच तिला ठाऊक, आणि पुढचे दोन पडून शिवप्रियाला नवे आलेही होते. जन्मभर मिश्री घासून स्वतःचे दात कोळशासारखे केलेल्या या बाईला नातीच्या तोंडातला तो काळा ठिपका मात्र खपेना. माहेरच्यांनी पोरीचा दात नासवून पाठवला, असं ती शेजारीपाजारी सांगत सुटली. खरं दुखणं निराळंच होतं. सुनेनं तिला न विचारता डॉक्टर गाठला होता.

बाजारच्या दिवशी शिवगंगा सोयाबीन काढायला रानात गेली आणि शिवम्मानं डाव साधला. जिलेबीचं आमिष दाखवून तिनं नातीला बाजारात नेलं. तिथं लिंबाखाली खुर्ची टाकून एक दात काढणारा बसायचा. पोरगी आईच्या नावानं टाहो फोडत होती, आणि आजी तिचं डोकं छातीशी आवळून उभी होती. दाढ पहिल्या हिसक्याला निघाली नाही. त्यानं पकड पुन्हा लावली.

शिवगंगा घरी आली तेव्हा शिवप्रिया तोंडात फडकं धरून कोपऱ्यात बसली होती. गाल सुजला होता, फ्रॉकवर रक्त वाळलं होतं. दाढ पत्र्यावर टाकून झाली होती, म्हणजे नवी लवकर येते.

"काढून टाकली एकदाची," शिवम्मा म्हणाली. "दिवाळीपातूर नवी येतीय बघ. तुज्या डॉक्टरणीला सांग."

नवऱ्यानं, मल्लेशनं, आईच्या हातून वाईट कसं होईल म्हणत ताटावर मान खाली घातली. शिवगंगेला त्या दोघांचा असा संताप आला की हातातला विळा तिनं लांब ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन धाराशिवला गेली. बाईंनी जखम धुतली, औषध दिलं, आणि पोरीला बाहेर पाठवून सांगितलं की तिथं आता काही उगवणार नाही. परत आल्यावर शिवगंगेनं हे सासूला शब्दन् शब्द ऐकवलं, न रडता. शिवम्माचा चेहरा उतरला. तरी पोरीला सांगायचं तेवढं राहिलंच.

"तूच सांग तिला," शिवम्मा हळू आवाजात म्हणाली. "माज्यानं न्हाय व्हायचं."

"तुमी काढलाव आत्याबाई, तुमीच सांगा."

पोरगी तर रोज विचारायची, दाढ कधी येणार. शिवगंगा एकच सांगायची, आज्जीला ठावं हाय, तिला दाखव. मग शिवप्रिया सकाळी उठली की आजीपुढं जाऊन आ करायची. दिवाळी आली, दिवाळी गेली. आजी येतीय म्हणायची, धीर धर म्हणायची, हळूहळू नातीला बघून गोठ्यात निघून जायला लागली. शिवगंगा तिथंही पोरीला पाठवायची.

एकदा सुनेला एकटी गाठून म्हातारीनं हात जोडले. शिवगंगेनं ते पाहिले आणि भाकरी उलटली. लेकीची तिला दया येत होती, नाही असं नाही. पण सासूचं ते पडलेलं तोंड रोज बघायची गोडी दयेपेक्षा मोठी झाली होती, आणि तिला ते कळतही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवम्मा पळाली नाही. तिनं बोट नातीच्या तोंडात घातलं, मोकळी हिरडी चाचपली आणि म्हणाली, "लागली गं. शेंडा लागला बोटाला."

शिवप्रिया नाचतच चुलीपाशी आली. "आई, दाढ आली. आज्जीच्या बोटाला लागली."

शिवगंगेनं परातीत पीठ घेतलं. "व्हय? मग उद्या परत दाखव तिला," ती म्हणाली. "किती वाढली ते इचार."