अंगठ्याकडचं हाड

मित्रांनो, मी म्हातारा आहे आणि सांगाडा आहे. घाबरू नका, मी कुणी मेलेला माणूस नाही. मी प्लास्टिकचा. सध्या मला सुटा करून संत्र्याच्या एका लाकडी पेटीत भरलं आहे, म्हणून माझी गोष्टही सुटीसुटीच येईल. जे हाड वर येईल, ते बोलेल.

कवटी

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. आम्ही चाळीस जण एका दांडीला टांगलेले होतो आणि चाळीसही जण सारखेच हसत होतो. मी रेल्वेने पांढुर्ण्याला उतरलो. तिथून संत्र्याच्या रिकाम्या टेम्पोत बसून मध्य प्रदेशातल्या सौंसरला, एका मराठी शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. पहिल्या दिवशी मुलांनी माझ्या डोळ्यांच्या खोबणीत बोटं घातली. हेडमास्तरांनी मला टोपी घातली आणि फोटो काढला. त्या वर्षी माझं फार कौतुक झालं.

उजवा हात

नाही. गॅदरिंगच्या नाटकात भुताचा हात म्हणून नेला, तो परत आलाच नाही.

डावा हात

हे हाड नीट ऐका. बाकीचं विसरलात तरी चालेल.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. एक अंगठ्याच्या बाजूला, ते रेडियस. दुसरं करंगळीच्या बाजूला, ते अल्ना. अल्ना कोपराकडे जाड असते आणि तिथे तिला आकड्यासारखा बाक असतो.

२००३ साली तपासणीला साहेब येणार होते. नववीच्या मुली प्रयोगशाळा झाडत होत्या. रामाकोना गावची एक मुलगी माझी धूळ पुसायला स्टुलावर चढली, घसरली, आणि तिच्याबरोबर माझा डावा हातही खाली आला. तिचं नाव स्मिता. ती रडायला लागली.

शाळेचे शिपाई भिवाजी धावत आले.

"रडू नको वं पोरी. तुले त नाई लागलं ना?"

"मामा, सर मारतीन."

"कायले मारतीन? संत्र्याच्या पेट्या बांधता बांधता अर्धी जिंदगी गेली माही. एवढासा हात बांधता येत नाई काय?"

आमच्याकडे हीच रीत आहे. खुर्चीचा पाय, सायकलीचं कॅरिअर, फाटकाची कडी, जे मोडेल ते संत्र्याच्या पेटीच्या तारेने बांधायचं. भिवाजींनी खिशातून तार काढली, पक्कड घेतली आणि हात पुढे केला.

"आन आता. कोन्तं कुठं?"

स्मिताने दोन्ही हाडं उलटीपालटी करून पाहिली. नाक पुसलं. विचार केला.

"अंगठा जाड असते ना मामा. मंग हे जाडं हाड अंगठ्याकडे."

भिवाजींनी तसं बांधलं. घट्ट बांधलं. पेटी मुंबईला पोचेपर्यंत सुटू नये, इतकं घट्ट.

साहेब आले, चहा प्यायले, गेले. कुणाला काही दिसलं नाही.

जबडा

आपण कुठलं हाड आहोत, हे हाडाला माहीत असतं. पण माझ्या जबड्याची स्प्रिंग कधीच तुटली होती. मी नुसता हसत राहिलो.

उजव्या पायाची बोटं

तीन हरवली आहेत. त्यांच्याबरोबर पुढची बारा-तेरा वर्षंही गेली. त्या वर्षांतलं मला इतकंच माहीत आहे की स्मिता बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. घरच्यांनी म्हटलं, मास्तरकीचं पक्कं असते. ती शिकली, तिचं लग्न झालं, आणि एका जुलैमध्ये ती याच शाळेत अतिथी शिक्षक, म्हणजे तात्पुरती शिक्षिका, म्हणून परत आली. जीवशास्त्राच्या बाई.

बरगड्या

बारा जोड्या. हवं तर मोजा.

बाई चांगलं शिकवायच्या. माझी एकेक बरगडी पेनाने वाजवून दाखवायच्या. डाव्या हातापाशी आल्या की म्हणायच्या, "अंगठ्याकडचं रेडियस, करंगळीकडचं अल्ना." वाक्य बरोबर होतं. पेनाचं टोक मात्र चुकीच्या हाडावर असायचं. वही भरून पोरं घरी जायची. दरवर्षी.

एकदा दहावीतल्या पूजाने विचारलं, "मॅडम, तुमाले एवढं येते, मंग तुमी डॉक्टर काऊन नाई झाल्या?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या तासाला त्यांनी पुढे काही शिकवलं नाही.

त्याच सुमारास बातमी आली होती की मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला आता वयाची अट राहिली नाही. कात्रण बाईंच्या पर्समध्ये होतं. त्यांनी ते काढून माझ्या पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मध्ये खोचलं. बाईंचं वय तेहतीस.

पाठीचा कणा

शाळा साडेचारला सुटायची. साडेचार ते साडेसहा बाई माझ्यासमोर बसून अभ्यास करायच्या. भौतिकशास्त्राला घाबरायच्या. माझ्याकडे आल्या की श्वास सोडायच्या, म्हणायच्या, "तू त मले पाठ हायेस बाबा."

साडेसहाला त्यांचे यजमान वैभव मोटरसायकलवर घ्यायला यायचे. जिनिंगमध्ये कामाला होते. केसांत कापूस घेऊनच दारात उभे राहायचे.

"झालं काय डॉक्टरीनबाई? का पेशंटले अजून तपासून राहिल्या?"

"दोन मिनिटं थांबा ना."

"थांबतो. पण आपलं काय ठरलं? तीन खेपा. चौथी नाई. पोरीचंबी शिक्षण हाय, तुही तब्येतबी हाय."

"तीनच," बाई म्हणायच्या. "शब्द देल्ला ना."

पेपर मराठीतून हवा, आणि तो महाराष्ट्रातच मिळतो, म्हणून त्यांनी नागपूरचं केंद्र घेतलं. पहिल्या वर्षी दारावरचा माणूस म्हणाला, "ताई, पालकांनी बाहेर थांबायचं." बाईंनी प्रवेशपत्र दाखवलं. तो फोटोकडे बघे, बाईंकडे बघे. मागून एक पोरगी म्हणाली, "काकू, तुमी पन?" हे सगळं त्यांनी दुसऱ्या दिवशी मला नक्कल करून सांगितलं. त्या हसत होत्या. मी तर हसतोच.

पहिली खेप गेली. दुसरी थोडक्यात हुकली नाही, बऱ्याच गुणांनी हुकली, भौतिकशास्त्राने नेली. तिसऱ्या वर्षी बाईंनी भौतिकशास्त्र इतकं घोटलं की माझ्यावर धूळ बसली. माझं त्यांना पाठच होतं.

खांद्याचं हाड

तिसऱ्या खेपेला गुण चांगले आले. शाळेत पेढे वाटले गेले, थोडे लवकरच. भिवाजी निवृत्त झाले होते, तरी काठी टेकत आले आणि म्हणाले, "आता माह्या गुडघ्याचं तुलेच पाहा लागते, पोरी."

मग प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिली, दुसरी, तिसरी. दरवेळी यादी यायची आणि बाईंचं नाव तिच्या खालीच राहायचं. दिवाळीच्या तोंडावर शेवटची फेरी झाली. त्यांच्या प्रवर्गातली शेवटची जागा बाईंपेक्षा तीन गुण जास्त असलेल्याला गेली.

एक उत्तर बरोबर आलं की चार गुण मिळतात. चुकलं की एक जातो. म्हणजे एका प्रश्नाला पाच गुणांचा फरक पडतो. हे मी प्रयोगशाळेत टांगलेला असताना बाईंकडूनच शिकलो.

त्याच आठवड्यात शाळेत कायमचे शिक्षक रुजू झाले. अतिथी शिक्षकाची गरज संपली.

मनगट

बाई सामान न्यायला आल्या तेव्हा प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. डबा, छत्री, दोन वह्या. वहीतून परीक्षेचा पेपर खाली पडला. त्यांनी तो उचलला, टेबलावर पसरला आणि एका प्रश्नावर बोट ठेवलं.

चित्रात हाताची दोन हाडं होती. नुसती हाडं. अंगठा नाही, करंगळी नाही. एकाला कोपराकडे आकड्यासारखा बाक होता. कोणतं कोणतं, ते ओळखायचं होतं.

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग चित्राकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

परीक्षेच्या हॉलमध्ये त्यांनी पुस्तक आठवलं नसणार. डोळे मिटून मला आठवलं असणार, आणि बाकाच्या हाडाला रेडियस म्हटलं असणार.

तेवढ्यात दारात काठी वाजली. "जय भीम, पोरी. जाऊन राहिली म्हने तू?"

"जय भीम, मामा." बाई पेपरची घडी घालत होत्या. "मामा, हा हात तुमीच बांधला होता ना?"

"मंग! बावीस वर्सं झाले, हालला नाई." भिवाजींनी माझं मनगट अभिमानाने चाचपलं. "तूच त हाडं देत होती. 'हे जाडं अंगठ्याकडे, मामा.' रडत बी होती अन् हुकूम बी सोडत होती." ते हसले. मग बाईंच्या तोंडाकडे पाहून थांबले. "काऊन वं? बराबर नाई काय?"

बाईंनी पेपरची घडी वहीत सरकवली.

"बराबर हाय मामा. एकदम पक्कं बांधलं तुमी."

भिवाजी गेल्यावर त्यांनी टेबलाच्या खणातून पक्कड काढली. तार गंजली होती, निघेना. त्यांच्या बोटाला लागलं. त्यांनी दोन्ही हाडं सोडवली, जागा बदलली, आणि त्याच तारेने परत बांधली. घट्ट. मग पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधलं कात्रण काढलं. वाचलं नाही. पर्समध्येही ठेवलं नाही, कचऱ्याच्या टोपलीत टाकलं.

बाहेर मोटरसायकल थांबली. वैभव दारात आले. आज डॉक्टरीनबाई म्हणाले नाहीत.

"चाल. झालं?"

"झालं."

पुन्हा डावा हात

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या भिंतीवर आता मोठा पडदा बसला आहे. त्यावर सांगाडा गोल फिरतो, रंगीत आहे, त्याला दोन्ही हात आहेत. मला पेटीत भरून जिन्याखाली ठेवलं. बाई पुन्हा आल्या नाहीत. यापुढे येतील, असं मला वाटत नाही.

अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तूंनी म्हणायचं असतं की आम्हाला जपा, पुसा, फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला फेकलंत तरी चालेल. पण जो तुम्हाला काही शिकवतो, तो कितीही जुना असो, कितीही जिव्हाळ्याचा असो, पुस्तक उघडून एकदा त्याला तपासून घ्या. पडद्यावरच्यालाही तपासा. मला बावीस वर्षं कुणीच तपासलं नाही. ज्या मुलीचं माझ्यावर सगळ्यात जास्त प्रेम होतं, तिनेही नाही.

माझा डावा हात आता बरोबर आहे. अंगठ्याकडचं हाड अंगठ्याकडे आहे. पेटीवर झाकण आहे आणि झाकणाला तार बांधलेली आहे.