बावीस नंबरचा पाना

मेघनाला अर्धवट भरलेला फॉर्म बघवत नसे. मोजमापाची यंत्रं अचूक आहेत की नाहीत हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती आणि तिथे एक रकाना जरी रिकामा राहिला तरी अख्खा अहवाल परत यायचा. त्यामुळे श्रीलंकेतलं हॉटेल बुक करताना ‘पाहुण्यांचा व्यवसाय’ असा रकाना समोर आला, तेव्हा तिने तो इमानेइतबारे भरला. आई रमाबाई, गृहिणी. वडील सीताराम, निवृत्त मेंटेनन्स फिटर, वागळे इस्टेट, एकतीस वर्षांचा अनुभव. पंप, व्हॉल्व्ह, किरकोळ वेल्डिंग.

चार मिनिटांत उत्तर आलं. ‘आम्ही आपली आतुरतेने वाट पाहत आहोत.’ मेघनाला या अगत्याचं फार कौतुक वाटलं.

सहलीचा हट्ट रमाबाईंचा होता. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. बुद्ध पौर्णिमेला कारखाना बंद असायचा, आणि कारखाना बंद म्हणजे मेंटेनन्सवाल्यांची हजेरी पक्की, कारण मशिनं उघडायला दुसरा दिवस मिळायचा नाही. एकतीस वर्षं रमाबाई आंबिवलीच्या विहारात पांढरी साडी नेसून एकट्या जाऊन बसल्या. “मालक नाही आले?” असं कुणी विचारलं की “शटडाऊन आहे,” म्हणून सांगायच्या. आता सीतारामना निवृत्त होऊन आठ महिने झाले होते, आणि रमाबाईंनी एकच गोष्ट मागितली होती. अनुराधापूरच्या बोधिवृक्षाखाली, पौर्णिमेच्या दिवशी, नवऱ्याने तासभर शेजारी बसायचं. काही दुरुस्त न करता.

हॉटेलचं नाव ‘नाइन वेव्ह्ज पॅलेस’. अनुराधापूरहून सगळ्यात जवळचा समुद्र साठेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे लाटा कुठल्या हा प्रश्न मेघनाला दारातच पडला. आत गेल्यावर असे प्रश्न वाढत गेले. लिफ्ट होती, पण तिच्यात चादरींच्या घड्या रचलेल्या होत्या. २०३ नंबरच्या खोलीत एसीचा रिमोट होता, एसी नव्हता. पडदा सरकवला तर मागे खिडकी नव्हती, नुसती भिंत होती. हात धुवायला गेल्यावर नळाची चावी मेघनाच्या हातात आली.

“सॉरी, आई,” ती म्हणाली. “चार पॉइंट चार रेटिंग होतं गं. मी फक्त सरासरी बघितली.”

“आता दुसरीकडे जागा मिळंल का?”

मेघनाने सगळीकडे फोन लावून बघितले. चार दिवसांनी पौर्णिमा, गावातली सगळी हॉटेलं भरलेली. ती परत आली तेव्हा सीताराम शर्टाच्या बाह्या दुमडून फ्लशच्या टाकीत डोकावत होते. त्यांचा चेहरा आठ महिन्यांत पहिल्यांदाच टवटवीत दिसत होता.

“अगं, काही नाही,” ते म्हणाले. “वायसर गेलाय फक्त.”

रमाबाईंनी बॅगेकडे बघितलं. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी उघडं पडलं होतं. टेस्टर, टेफ्लॉन टेप आणि वर्षानुवर्षं हातात राहून गुळगुळीत झालेला बावीस नंबरचा पाना.

“फिरायला आलोय ना आपण?”

“मग? टॉवेल लागणारच की,” सीताराम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर निहाल हात जोडून दारात उभा. “सर, आपल्याला अपग्रेड देतोय.” अपग्रेड म्हणजे खोली २०४. तिथला पंखा गचके खात फिरत होता. सीतारामनी दुपारभर स्टुलावर उभं राहून त्याचं बेअरिंग साफ केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा अपग्रेड, खोली २०५. तिथला दरवाजा आतून बंद व्हायचा, पण आतून उघडायचा नाही. सीताराम म्हणाले, “छान आहे,” आणि कुलूप खोलून बसले. बोधिवृक्ष हॉटेलपासून दोन किलोमीटरवर होता. तीन दिवसांत तो त्यांनी फक्त हॉटेलच्या टॉवेलवर छापलेला बघितला.

चौथ्या दिवशी सकाळी मेघनाने वहीत खोल्यांचे तीन नंबर एकाखाली एक लिहिले. मग जाऊन २०३ बघून आली. तिथे नवं जोडपं उतरलं होतं आणि दारावर ‘डिलक्स’ची पाटी होती.

ती तडक न्याहारीच्या हॉलमध्ये गेली. आजवर तिने इतर पाहुण्यांकडे नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. पोलंडचे एक आजोबा अंडं खाताखाता टेबलाखालची फरशी बोटाने वाजवून बघत होते. ते चाळीस वर्षं टाइल्स बसवायचे, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. शेजारी बसलेले कोरियाचे गृहस्थ सुतार निघाले. ते ज्या खुर्चीवर बसले होते ती त्यांनीच काल दुरुस्त केली होती. २०३ मधलं नवं जोडपं ऑस्ट्रियाचं होतं. नवरा रंगारी, बायको गवंडी.

“बोधिवृक्ष बघितलात?” मेघनाने सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी अपराधी चेहऱ्याने नकारार्थी माना हलवल्या.

निहाल काउंटरवर होता.

“तुम्ही फक्त कारागिरांनाच खोल्या देता,” मेघना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती निष्कर्ष सांगत होती.

“मॅडम, मागे सगळ्यांना द्यायचो,” निहाल शांतपणे म्हणाला. “प्रोफेसर यायचे, बँकवाले यायचे. नळ गळला की एक पानभर तक्रार लिहायचे. नळ मात्र गळतच राहायचा. मग आम्ही फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला.”

“ही फसवणूक आहे.”

“तुमच्या वडिलांना विचारा ना. त्रास होतोय का त्यांना?”

याचं उत्तर मेघनाकडे होतं, म्हणूनच तिला राग आला. आंबिवलीच्या बिल्डिंगमधले सगळे नळ पप्पांनी पहिल्या दोन महिन्यांत बदलून टाकले होते. नंतरचे सहा महिने ते गॅलरीत बसून कबुतरं मोजत होते. इथे ते शीळ घालत होते.

तिने वर जाऊन आईला सगळं सांगितलं. रमाबाई उद्याच्या साडीची घडी मोडत होत्या.

“मला पहिल्याच रात्री कळलं,” त्या म्हणाल्या. “खूश होते म्हणून बोलले नाही. पण उद्याचा दिवस माझा आहे.”

पौर्णिमेच्या सकाळी हॉटेलातलं पाणीच गेलं. मागच्या पत्र्याच्या शेडमधला पंप नुसता घरघरत होता, पाणी ओढत नव्हता. सीताराम पांढरा शर्ट घालून तयार होते. “पाच मिनिटांत आलो,” म्हणाले आणि गेले.

पप्पांची पाच मिनिटं सरासरी दोन तास दहा मिनिटांची असतात, हे मेघनाला ठाऊक होतं. दहावीच्या सुट्टीत तिने महिनाभर नोंदी ठेवल्या होत्या.

नऊ वाजता रमाबाई पांढऱ्या साडीत, कमळांची पिशवी खांद्याला लावून, शेडच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मागे मेघना. आत पंपाभोवती पोलंड, कोरिया आणि ऑस्ट्रिया उकिडवे बसले होते. पाइप अर्धवट उघडला होता.

“अहो, निघायचं ना?”

“पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह पाणी धरत नाहीये. फक्त चार नट राहिलेत, रमा.”

“एकतीस वर्षं चारच राहिलेत.”

सीताराम काहीतरी बोलणार होते, पण हातातला वायसर निसटून खाली पडला आणि ते तो शोधायला वाकले. रमाबाईंनी जमिनीवरचा बावीस नंबरचा पाना उचलला, कमळांच्या पिशवीत ठेवला आणि रस्त्यावर येऊन रिक्षाला हात केला. मेघना कशीबशी आत चढली.

“आई, पाण्याविना राहतील गं सगळे.”

“सगळे कारागीर आहेत. बघतील.”

ते बघू शकत नव्हते. त्या नटाला चालेल असा दुसरा पाना अख्ख्या हॉटेलात नव्हता. मेघनाने मागे वळून पाहिलं तेव्हा काळ्या हातांचे सीताराम दुसऱ्या रिक्षात चढत होते. मागच्या रिक्षात पोलंड आणि कोरिया होते. त्यांच्यामागे ऑस्ट्रियाचं जोडपं, आणि सगळ्यात शेवटी स्कूटरवर निहाल.

बोधिवृक्षाच्या फाटकावर पिशव्या तपासत होते. पहारेकऱ्याने कमळांतून पाना बाहेर काढला, रमाबाईंकडे पाहिलं, पुन्हा पान्याकडे पाहिलं. शेवटी त्याने पाना मागच्या फळीवर ठेवला आणि त्यांना पत्र्याचं टोकन दिलं, नंबर अठरा. रमाबाई टोकन मुठीत धरून आत गेल्या.

सीताराम धापा टाकत पोचले. पाना फळीवर दिसत होता. पहारेकरी म्हणाला, टोकन. टोकन आत होतं. आत जायला चपला काढाव्या लागत, आणि त्या काळ्या हातांनी आत जाणं त्यांनाच बरं वाटेना. त्यांनी नळावर हात धुतले. नळ गळत होता. फाटकाशी थांबलेली मेघना बघत राहिली. सीतारामनी नळाकडे नीट पाहिलं, तो शक्य तितका घट्ट बंद केला आणि ते आत गेले.

पांढऱ्या कपड्यांतली माणसं वाळूवर ओळीने बसली होती. रमाबाईंनी शेजारी एका माणसाची जागा धरून ठेवली होती.

“टोकन दे,” ते बसत म्हणाले.

“तासाभराने.”

मागोमाग बाकीचे येऊन रांगेत बसले. निहाल शेवटी. तो तीन वर्षांत इथे आला नव्हता, असं त्याने मेघनाला हळूच सांगितलं. पाणीच भरायचं असायचं.

समोर बोधिवृक्ष होता. आडव्या, थकलेल्या फांद्यांना जागोजागी सोनेरी टेकू दिलेले होते. सीतारामनी एका टेकूवर नजर लावली, मग दुसऱ्यावर. फांदी आणि लोखंड जिथे भेटतं तिथे ते बराच वेळ बघत राहिले.

“दोन हजारांवर वर्षं झाली म्हणतात याला,” ते कुजबुजले. “कुणीतरी रोज बघत असणार.”

“असणार,” रमाबाई म्हणाल्या. “आज त्यांना बघू द्या.”

सीतारामनी हात मांडीवर ठेवले. वाऱ्याने पानं सळसळली की ते मान वर करायचे, आणि पुढची झुळूक येईपर्यंत तशीच ठेवायचे. रमाबाईंनी डोळे मिटले होते.

तास झाला. रमाबाईंनी डोळे उघडले आणि मुठीतलं टोकन पुढे केलं. त्याची कड त्यांच्या तळव्यावर उमटली होती.

“घ्या. झाला तुमचा तास.”

सीताराम वरच बघत होते. त्यांनी टोकन घेतलं नाही.

“पाच मिनिटं,” ते म्हणाले.

निहाल उठायला लागला. मेघनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.